दादूसच्या घड्याळाची राखण

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, हे आरंभीच सांगून टाकते. नोकरीची सगळी वर्षे मी नारपोलीच्या एका शाळेत मराठी शिकवले. म्हणजे इतरांच्या निबंधांत काय नको ते दाखवण्याचे काम केले. निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर आता स्वतः लिहायला बसले आहे, ते काही सांगण्यासारखे सुचले म्हणून नव्हे. एक प्रश्न आहे. तो माझ्याने सुटत नाही, आणि तो नीट विचारायचा तर आधी एका माणसाची ओळख करून द्यावी लागेल. या ओळखीत काही उणे राहिले, तर तो दोष त्या माणसाचा नाही, एवढे लक्षात ठेवावे.

ते अग्निशमन दलात होते. मूळचे दिघाशीचे. लहानथोर सगळे त्यांना 'दादूस' म्हणत. आमच्या भागात थोरल्या भावाला असे म्हणतात, आणि मीही, त्यांच्याहून वयाने मोठी असून, तसेच म्हणत असे. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरची हवेशीर जागा तेवढ्याच भाड्यात मिळत असताना त्यांनी तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोल्या पसंत केल्या, कारण त्या खोल्यांना मागे दुसरे दार होते. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, याबद्दल त्यांना अखेरपर्यंत क्षमा केली नाही. "उजेड बघायचा तर मना जिन्यात जाऊन तांदूळ निवडायला लागतात," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

दादूस पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा त्यांच्यासमोर चहा ठेवला तर ते उठून सरळ आतल्या खोलीत गेले. त्या वेळी माझे यजमान हयात होते. ते माझ्याकडे पाहू लागले आणि मी त्यांच्याकडे. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"बाई, ही खिडकी कपाटानं का बुजवलीय?"

"फार ऊन येते. कपडे विटतात."

"ऊन येतं तिथून मानूस पन जातो."

दुसऱ्या दिवशी आम्ही कपाट हलवले. कपडे विटले, आणि त्या खिडकीतून बाहेर पडण्याची वेळ आजवर आली नाही. तरीही ते कपाट पुन्हा जागेवर नेण्याचा विचार माझ्या मनात आला नाही. चहा त्यांनी त्या दिवशी घेतला, पण पूर्ण निवल्यावर, वर साय धरल्यावर. "गरम कायपन नको. ते ड्युटीवर भरपूर असतं," असे त्याचे कारण होते.

गणेशोत्सवात इमारतीच्या मंडपाचे पडदे ते रोज सकाळी पाण्याने भिजवून ठेवत. भिजलेल्या जरीचा रंग उतरे, मखरावर ओघळ येत. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वैतागून म्हणाले, "दादूस, बाप्पाला सर्दी होईल."

"होऊ दे. नायतरी विसर्जनात भिजतोच."

आरतीच्या वेळी सगळे टाळ्या वाजवत असताना ते निरांजनाशेजारी ओला पंचा घेऊन बसत आणि ज्योतीकडे एखाद्या व्रात्य मुलाकडे पाहावे तसे पाहत राहत.

आपल्या नाकाविषयी त्यांना मोठा अभिमान होता. तो फारसा रास्त नव्हता. एका दुपारी "सूत जळतंय, सूत" असे ओरडत ते पाण्याची बादली घेऊन सगळ्यात वरच्या मजल्यावर पोचले. तिथल्या सूनबाईंनी दार उघडून सांगितले, "दादूस, सुके बोंबील भाजतेय. देऊ का दोन?" त्यांनी बादली खाली ठेवली आणि दोन बोंबील घेतले.

हे सगळे मी हसू यावे म्हणून सांगत नाही, जरी ते आठवताना मला हसू येते. या माणसाचा स्वभाव एकाच गोष्टीभोवती फिरत होता, आणि ती गोष्ट समजण्यासाठी त्यांचा घड्याळाचा नियम समजणे आवश्यक आहे.

जळत्या गोदामात किंवा लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेडमध्ये जो आत जाईल, त्याने अंगावरची एक वस्तू बाहेर उभ्या असलेल्या सहकाऱ्याच्या हातात द्यायची. आणि त्या सहकाऱ्याने ती खिशात न टाकता मुठीत धरून, आत गेलेला परत येईपर्यंत त्याच जागी उभे राहायचे. असा नियम कोणत्याही पुस्तकात नव्हता. तो दादूसनी केला होता आणि त्यांच्या शिफ्टमध्ये तो सर्वांना पाळावा लागे. खिशात का नाही, असे मी एकदा विचारले.

"खिशात टाकली की मानूस विसरतो, बाई. मुठीत असली की हात अवघडतो. हात अवघडला की आत कोन गेलाय त्याची आठवन राहते."

सहकारी याची थट्टा करत. कोणी मुद्दाम एक चप्पल देई, कोणी तंबाखूची पुडी. बंब चालवणारे चाचा हे जुने गृहस्थ. त्यांनी एकदा घाईत हातातला अर्धा वडापावच दादूसच्या हातात दिला. परत आल्यावर त्यांनी हात पुढे केला, तर मूठ रिकामी.

"दादूस, मेरा वडापाव?"

"गरम होता, चाचा. निवेपर्यंत थांबलो. मग किती थांबायचा?"

स्वतः दादूस मात्र नेहमी घड्याळच देत. चावीचे, पांढऱ्या तबकडीचे, लग्नात सासऱ्यांनी दिलेले.

ते घड्याळ मी प्रथम हातात धरले तो दिवस असा. आमच्या शाळेमागच्या एका शेडमध्ये आग लागली. कापडाच्या ताग्यांचा धूर मैदानावर उतरला, मुलांना घरी पाठवले आणि आम्ही शिक्षक फाटकापाशी उभे राहिलो. बंब आला. पाइप कमी पडत होता, माणसेही कमी पडत होती. आत एक कामगार राहिल्याचे कोणी ओरडून सांगत होते. दादूस तोंडाला ओला पंचा बांधत इकडेतिकडे पाहत होते. ज्याच्या हातात काम नाही असा एकही माणूस त्यांना दिसेना. मग त्यांची नजर माझ्यावर आली. ते सरळ चालत आले, घड्याळ काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले आणि स्वतःच्या हाताने माझी बोटे मिटली.

"बाई, हितंच उभ्या ऱ्हा."

मी तिथेच उभी राहिले. गर्दी मागे हटवणारा लूममधला एक परप्रांतीय कामगार मला सांगत होता, "मॅडम, पीछे आओ, दीवार गिरेगी." मुख्याध्यापक हाका मारत होते. स्वभावाने मी कोणाचेही लगेच ऐकणारी. परंतु त्या वेळी माझे पाय हलले नाहीत. मुठीत घड्याळ टिकटिकत होते, आणि ते थांबले तर आत काहीतरी थांबेल, असे काहीसे वेडे माझ्या मनात आले होते. दादूस बाहेर आले ते काळेठिक्कर होऊन, त्या कामगाराला काखेत धरून. त्याला खाली ठेवल्यावर त्यांनी पाण्याआधी माझ्यापुढे हात केला. माझी बोटे उघडेनात. त्यांनीच ती एकेक करून उघडली. तळहातावर गोल वण उठला होता.

त्या आणि तशा अनेक धुरांची वसुली पुढे त्यांच्या छातीने केली. जिना नसलेल्या घरातही त्यांना धाप लागू लागली. खोकला सुरू झाला की वहिनी हातातले काम ठेवून तो थांबेपर्यंत नुसत्या बसून राहत. दोघांना मूलबाळ नव्हते. आपल्यामागे हिचे काय, ही एकच गोष्ट दादूसना पोखरत होती, आणि ती ते कधी बोलून दाखवत नसत.

त्यांची निवृत्ती जवळ आली आणि नेमक्या त्याच सुमारास पेन्शनचा घोळ सुरू झाला. माझ्यासारख्या जुन्या लोकांना जुनी योजना लागू आहे: शेवटच्या पगारावरून ठरलेली रक्कम दरमहा मिळते आणि आपल्यामागे जोडीदाराला तिचा हिस्सा मिळतो. दादूस कायम झाले ते ती बंद झाल्यानंतर. त्यांना नवी योजना होती: पगारातून कापलेला पैसा बाजारात गुंतवायचा, जे साठेल त्यातले काही निवृत्तीच्या वेळी हातात, उरलेल्यावर महिन्याला काही, किती, ते बाजार ठरवणार. आता यात बदल जाहीर झाला होता. 'सुधारित' योजनेत दरमहा रकमेची हमी आणि मागे जोडीदारालाही हमी; पण साठलेल्या रकमेवरचा बराचसा हक्क सोडायचा. हवी असेल त्याने मुदतीत तसे लिहून द्यायचे, आणि एकदा दिलेला पर्याय बदलता येणार नाही. त्यातच संघटनेचे लोक सांगत होते की थांबा, जुनीच परत येणार आहे. सुधारित घेतलीत तर जुनीवर पाणी सोडावे लागेल.

अग्निशमन केंद्रावरचे जवान त्याचे परिपत्रक घेऊन माझ्याकडे येऊ लागले. बाईंना मराठी येते, हा त्यांचा विश्वास. मी चष्मा लावून वाचत असे. 'परंतु' आणि 'तथापि' यांनी सुरू होणारी ती लांबलचक वाक्ये मी त्यांना सोडवून दाखवत असे, आणि शेवटी आम्ही सगळे सुरुवातीपेक्षा अधिक गोंधळून बसत असू.

"सरकार बोलतं हमी, युनियन बोलते फसवणूक, बायको बोलते पैसे उचला आणि प्लॉट घ्या," एक जवान म्हणाला. "बाई, तुम्ही काय बोलता?"

"मी एवढेच म्हणते की, या परिच्छेदात दोन अर्थ संभवतात."

"बाई, सीधा बताओ," चाचा म्हणाले. "लेने का के नहीं लेने का?"

माझी स्वतःची पेन्शन न विचारता दरमहा येत होती आणि ती कशी येते याचा मी कधी विचारही केला नव्हता. दादूस कोपऱ्यात, चहा निवत ठेवून, ऐकत असत. एके संध्याकाळी बाकीचे गेल्यावर त्यांनी विचारले, "बाई, एकच सांगा. ह्या योजनेत आपन आत गेलो, तर बाहेर मूठ मिटून कोन उभा हाय?"

"म्हणजे?"

"जुनीत सरकार उभं होतं. नवीत बाजार. बाजाराची मूठ मला ठावी न्हाय. ह्या तिसरीत कोन?"

मी परिपत्रक पुन्हा उघडले. आणि पहिल्या 'परंतु'पासून वाचू लागले.

वहिनी माझ्या उंबऱ्याशी, जिन्यातल्या उजेडात, तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "सरकारचं ऱ्हाऊ द्या. इतकी वर्सं तुमी आत जाता आनि बाहेर उभी मीच असते. माज्या मुठीत काय देता, ते सांगा."

दादूसनी समोरचा कप उचलला आणि एका दमात संपवला. मी तो नुकताच ओतला होता. त्यातून वाफ येत होती. त्यांच्या ते ध्यानात आलेले दिसले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुधारित योजनेचा अर्ज भरला.

अर्ज देण्यासाठी ते मला बरोबर घेऊन गेले. मुदतीचा तो शेवटचा दिवस नव्हता, आदला होता. तरी कचेरीत रांग मोठी होती. टेबलामागे एक तरुण, सौम्य चेहऱ्याचे कारकून होते. दादूसनी अर्ज पुढे ठेवला. कारकुनांनी तो वाचला, सही पाहिली, मान डोलावली आणि शिक्का उचलला. तेवढ्यात दादूसनी मनगटावरचे घड्याळ काढून त्यांच्या मोकळ्या हातात ठेवले आणि त्यांची बोटे मिटली.

कारकुनांनी आधी मुठीकडे पाहिले, मग वर छताकडे.

"काका, काय करताय? वर कॅमेरा आहे."

"धरा साहेब. मी आत चाललोय म्हनून ठेवलाय."

"आत? आत कुठे?"

"ह्या योजनेत."

"काका, मी असलं काही घेत नाही. कुणी सांगितलं तुम्हाला की मी घेतो?"

"घ्यायचा न्हाय. धरायचा."

रांगेत मागून कोणीतरी म्हणाले, "घे रे बाबा, काम होतंय त्यांचं तर." हशा पिकला. कारकुनांनी घड्याळ विंचू असावा तसे टेबलावर टाकले, शिक्का खाली ठेवला आणि ते साहेबांना बोलवायला आत गेले. मी पुढे होऊन सगळे समजावून सांगणार होते. 'या गृहस्थांचा हेतू आपण समजता तसा नाही' असे वाक्य मी मनात जुळवलेही होते; पण आगीत वस्तू मुठीत धरण्याचा नियम त्या वाक्यात कुठे बसवावा, हे ठरेपर्यंत साहेब आले.

साहेब शांतपणे म्हणाले, "कार्यालयात भेटवस्तू चालत नाहीत. तुमची इतकी वर्षे सेवा झाली, म्हणून मी हे वाढवत नाही. घड्याळ उचला."

"आनि अर्ज?" दादूसनी विचारले.

"अर्ज राहू दे इथे. बघू."

अर्ज तिथल्या ढिगात राहिला. शिक्का बसला नव्हता, पोच मिळाली नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, तर ढीग वर पाठवल्याचे कळले आणि मुदत वाढण्याची शक्यता असल्याचेही कळले. ती वाढली की नाही, याविषयी दोन माणसांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. म्हणजे दादूस सुधारित योजनेत गेले, की नवीतच राहिले, हे त्यांना ठाऊक नव्हते, मला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांनाही ते खात्रीने सांगता येत नव्हते.

जिन्यात दादूस कठडा धरून थांबले. धाप ओसरल्यावर त्यांनी घड्याळ माझ्या हातात दिले.

"तुमी धरा, बाई. तुमाला सवय हाय."

"कधीपर्यंत?"

"मी भायेर येईपर्यंत."

निरोपसमारंभाविषयी एवढेच सांगते की, सभागृहाच्या मागच्या दाराशी खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. व्यासपीठावर त्यांच्या शौर्याचे वर्णन चालू असताना सत्कारमूर्ती त्या खुर्च्या एकेक करून, मध्ये दम घेत, भिंतीकडे नेत होते. शाल त्यांच्या खांद्यावरून घसरत होती. चाचा उठले आणि त्यांना हात देऊ लागले. मग जवानांची सगळी रांग उठली. वक्त्यांना वाटले, लोक कंटाळून निघाले. त्यांनी भाषण आवरते घेतले.

त्यानंतर दोघे दिघाशीला राहायला गेली. मी एकदा अंबाडीला रिक्षा बदलून भेटायला गेले. घर लहान, पण चारही बाजूंनी उघडे. उजेडाविषयी वहिनींची तक्रार उरली नव्हती. दादूस ओट्यावर बसले होते. दोन वाक्यांमध्ये आता बरेच थांबावे लागत होते. पैसे येत होते, मात्र 'तात्पुरते' म्हणून. त्यांचा पर्याय धरला की नाही, हे प्रकरण विचाराधीन होते. मी पिशवीतून घड्याळ काढले.

"घ्या. पैसे सुरू झाले ना."

त्यांनी घड्याळाकडे पाहिले. हात पुढे केला नाही.

"हे माझं आलं. माझं कायपन आलं तरी चालन. हिच्या नावानं सुरू झालं की हिच्या हातात द्या. तवा मी भायेर आलो म्हनायचा."

"तवा तुमी कुठं असाल, ते बी सांगून ठेवा बाईंना," वहिनी म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. आत भांड्यांचा आवाज झाला. नेहमीपेक्षा जरा मोठा.

दादूस हसले. "तिला राग आला की बरं वाटतं. रडते तवा मला कळत न्हाय काय करायचा."

पुढच्या हिवाळ्यात दादूस गेले.

मागच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "बाई, माज्या खात्यात कायतरी आलंय. बँकेतला पोरगा बोलला सरकारी हाय. कसलं ते त्याला कळना. मना कसं कळनार?" मी कचेरीत गेले. टेबलामागे तेच कारकून होते. त्यांनी मला ओळखले आणि अदबीने खुर्ची दिली. "मॅडम, हा मागच्या हिशेबातला राहिलेला फरक असू शकतो. जमा रकमेचा परतावा असू शकतो. तसं असेल तर पुन्हा काही येणार नाही. किंवा कुटुंब निवृत्तिवेतन असेल, तर दरमहा येत राहील. वरून काही लेखी आलेलं नाही. शिवाय योजनेत पुन्हा बदल होणार म्हणतात." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ते काका... घड्याळ कशाला देत होते हो मला?" मी सांगितले. ऐकून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिले आणि मूठ मिटून बघितली.

घड्याळाला मी रोज सकाळी चावी देते. द्यावी की नाही, हेही दादूसनी सांगितलेले नाही. हे लिहिताना ते माझ्या डाव्या मुठीत आहे आणि हात चांगलाच अवघडला आहे. उद्या वहिनी अंबाडीच्या बाजाराला येणार आहेत, मीही जाणार आहे. त्यांच्या नावाने काहीतरी आले आहे, हे खरे. ते पुन्हा येईल का, हे कोणालाच सांगता येत नाही, हेही तितकेच खरे. घड्याळ दिले, तर दादूस बाहेर आले असे होईल, आणि पुढच्या महिन्यात काही आलेच नाही तर ते पुन्हा आत गेले असे त्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू? नाही दिले, तर जे आले आहे तेही आले नाही, असे तिला वाटेल.

तुम्ही माझ्या जागी असता, तर उद्या ते घड्याळ वहिनींच्या हातात दिले असते का?